कोरकू बोलायला मुंबईला

धारणीच्या स्टँडवर उतरल्या उतरल्या पहिला प्रश्न आला, "बाई, मुंबईत काय काय पाहिलं?" मी म्हटलं, समुद्र पाहिला, झेंडूचे डोंगर पाहिले, माणसाला शिंकायला लावणारी एक अख्खी गल्ली पाहिली आणि एका सरकारी ऑफिसातल्या लोखंडी कपाटाची मागची बाजू पाहिली. विचारणारा कंडक्टर हसला. त्याला वाटलं, बाईंना प्रवास बाधला.

मी मेळघाटातल्या एका आश्रमशाळेत बावीस वर्षं शिकवते. घरी कोरकू, शाळेत मराठी, बाजारात हिंदी, असा आमचा कारभार. लहानपणी वर्गात कोरकूत बोलले म्हणून मी हातावर पट्टी खाल्लेली आहे. तीच कोरकू येते म्हणून कुणी मला मुंबईला बोलावेल, हे स्वप्नातही आलं नव्हतं. पण एका दुपारी मुख्याध्यापकांनी मोबाइलवर आलेला निरोप स्टाफरूममध्ये मोठ्याने वाचला. "कोरकू आणि मराठी दोन्ही नीट येणारं कुणी चार दिवस मुंबईला येऊ शकेल का? एका आईचं मूल सरकारी बालगृहात आहे आणि आईचं म्हणणं इथे कुणाला कळत नाही." माझा हात आपोआप वर गेला. शेचाळिसाव्या वर्षी, पहिलीतल्या पोरीसारखा.

निरोप पाठवणाऱ्या वकीलबाईंशी, प्रज्ञा कांबळेंशी, फोनवर बोलणं झालं. त्यांची संस्था गरिबांचे खटले फुकट चालवते. आईचं नाव रामकली, गाव आमच्याच तालुक्यातलं. मी तिच्या गावात जाऊन अंगणवाडीतून मुलीचं लसीचं कार्ड मिळवलं, पाच किलो आवळे घेतले आणि निघाले.

दादर

सकाळी दादरला उतरले. प्रज्ञा फुलबाजारापाशी थांबणार होती. मी समजत होते, फुलबाजार म्हणजे आमच्या आठवडी बाजारात चार बाया बसतात तसं काहीतरी असेल. पुलाखाली वळले आणि जागच्या जागी थांबले. झेंडू नुसता ओतलेला, शेवंती पोत्यांत कोंबलेली, ओल्या पानांचा वास, आणि "चला, चला, बाजूला!" म्हणत डोक्यावर टोपल्या घेऊन धावणारी माणसं. इतकी फुलं एका जागी मी जन्मात पाहिली नव्हती. तोंड वर करून बघत राहिले आणि तेवढ्यात कुणाच्या तरी टोपलीचा धक्का लागून माझी पिशवी फाटली.

पाच किलो आवळे. हिरवेगार, गोल, आणि रस्त्याला उतार. मी "अरे, अरे" करत वाकले तोवर निम्मे आवळे झेंडूत शिरले होते. मुंबईची माणसं कुणासाठी थांबत नाहीत असं मी ऐकून होते. तर एक फूलवाली मावशी ओरडली, "ए, थांबा रे जरा, बाईचे आवळे हायत!" आणि अख्खी रांग थांबली. कुणी पायाने अडवले, कुणी टोपीत गोळा केले. फूलवालीने मला नवी पिशवी दिली, वर एक आवळा चावला आणि डोळे मिटून म्हणाली, "खरा जंगलातला हाय."

त्या गोंधळातच प्रज्ञाने मला ओळखलं. तिशीची मुलगी, पाठीला सॅक, चालणं असं की मला मागे पळावं लागलं. "मॅडम, आवळ्यांमुळे सापडलात, नाहीतर आज काय खरं नव्हतं," ती म्हणाली.

रे रोड

रामकली रे रोडच्या बाजूला एका बांधकामावर, पत्र्याच्या खोलीत राहत होती. आजूबाजूला लाकडाच्या वखारी, हवेत भुश्याचा वास. तो वास मला एकदम घरचा वाटला, फरक इतकाच की आमच्याकडे लाकूड उभं असतं.

दारात पंचविशीची एक बारीक बाई उभी होती. कपाळावर गोंदण. मी कोरकूत म्हटलं, "पाणी देतेस का गं? लांबून आलेय."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग आत गेली, तांब्या आणला, माझ्या हातात दिला आणि बोलायला लागली. ती जी बोलायला लागली ते थांबेचना. अडीच महिने साठलेलं होतं सगळं. नवरा गावी आजारी बापाजवळ अडकलेला, मुकादम हिंदीत ओरडणारा, शेजारच्या खोलीत बंगाली बोलणारे. तिला हिंदी येत होती ती विटा आणि सिमेंटपुरती. मला तर अंगावर काटा आला. मुंबईत, वखारींच्या मधोमध, माझ्या आईची भाषा! मीही तिच्याइतकीच बडबडत सुटले. प्रज्ञा बिचारी आमच्याकडे आळीपाळीने बघत होती.

मग मूळ गोष्ट निघाली. रामकलीची मुलगी सोमती, पाच वर्षांची. तिला ताप आला म्हणून रामकली तिला एका मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी तपासायला फ्रॉक वर केला आणि पोटावर भाजल्याचे जुने डाग दिसले. ओळीने पाच. त्यांनी हिंदीत विचारलं, "हे कुणी केलं? तू केलंस?"

"मग तू काय सांगितलंस?" मी विचारलं.

"हो म्हटलं. मीच केलं म्हटलं." तिच्या आवाजात अजूनही अभिमान होता. "मला वाटलं, औषधपाणी केलं होतं का ते विचारतायत. हयगय केली असं नको वाटायला त्यांना."

मी डोळे मिटून घेतले. मेळघाटाबाहेरच्या वाचकाला हे सांगायला हवं. आमच्याकडे तान्ह्या बाळाचं पोट फुगलं की भुमका, म्हणजे गावचा वैदू, विळा तापवून पोटावर चटके देतो. त्याला डंबा म्हणतात. आतलं दुखणं आगीला घाबरून पळतं अशी समजूत. बाळाला आईने धरायचं असतं, आणि धरणारी आई हिमतीची मानतात. डॉक्टरांनी कायद्याने सांगितलं तेच केलं. मुलाला चटके देणारी आई, वर स्वतः कबूल करणारी. त्यांनी कळवलं, आणि ताप उतरल्यावर सोमती घरी येण्याऐवजी बालगृहात गेली. रामकलीने कागदावर अंगठा दिला तेव्हा तिला वाटलं, तो औषधाचा कागद आहे.

आता माझी चूक सांगते. डंबा हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. बावीस वर्षं मी त्याच्याविरुद्ध तोंड वाजवते आहे. शाळेत नाटुकली बसवली, भिंती रंगवल्या, भुमकाशी भांडण केलं. मी तिथेच, तिच्याच घरात, तिचंच पाणी पिऊन तिला झापलं. लाज नाही वाटत? तान्ह्या जिवाला भाजतेस? दवाखाना कशाला बांधलाय सरकारने?

रामकलीचं अडीच महिन्यांनी उघडलेलं तोंड मी पाच मिनिटांत बंद केलं. बाहेर पडल्यावर प्रज्ञाने विचारलं, "मॅडम, तुम्ही तिला काय बोललात?" मी सांगितलं. ती वखारीच्या भिंतीला टेकून उभी राहिली. म्हणाली, "तिला ओरडणारे इथे भरपूर आहेत हो. परवा मुलांच्या सरकारी समितीपुढे सुनावणी आहे. समितीला पटलं नाही तर पोरगी लांब कुठल्यातरी बालगृहात पाठवतील, मग आई कुठे शोधणार?"

मला इतकं ओशाळं वाटलं की पुढच्या अर्ध्या तासात मी एकही प्रश्न विचारला नाही. जे मला ओळखतात त्यांना यावरून कळेल.

परळ आणि लालबाग

मुक्काम प्रज्ञाच्या घरी, परळच्या एका जुन्या चाळीत. आजोबा गिरणीत होते, वडील बेस्टमध्ये, आता ती वकील. दारावर निळा रंग, आत बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो. तिच्या आईला मी लगेच मावशी म्हणायला लागले. "जयभीम, ये गं बाय, हात धू," म्हणत तिने ताटात तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण वाढलं. आम्ही नदीतले मासे खाणारे लोक. बोंबलाचा पहिला घास नाकातच अडकला, दुसरा उतरला, तिसऱ्याला मी कालवण मागून घेतलं. आमच्याकडे पाहुणा आला की कुटकीचा, म्हणजे बारीक भरडधान्याचा, भात पानावर वाढून सगळे त्याचं जेवण होईपर्यंत बाहेर बसतात. इथे मात्र सगळे माझ्याभोवती बसून मी किती खाते ते मोजत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीने मला लालबागला मसाला कुटायला सोबत नेलं. मिरची कुटणारे यंत्राचे डंख धडाधड वर-खाली होत होते आणि मी शिंकांवर शिंका देत होते. मावशीच्या नाकाला मात्र काही नाही. "आमचं नाक गिरणीच्या कापसात वाढलंय," ती म्हणाली. मला ती गल्ली फार आवडली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं तरी मी तिथून हलेना, शेवटी मावशीने दंड धरून ओढलं.

दुपारी प्रज्ञा रामकलीला घरी घेऊन आली. मी दारातच तिची माफी मागितली. ती मावशीने दिलेली भाकरी घेऊन माझ्या शेजारी बसली. तेवढं मला पुरलं.

मग गॅलरीत तालीम झाली. मावशी प्लास्टिकच्या खुर्चीत अध्यक्ष म्हणून बसली, प्रज्ञा प्रश्न विचारणार, आणि मी दुभाषी. कठड्याला टेकून शेजारणीही बघायला आल्या.

"मुलगी कुठे जन्मली?" प्रज्ञाने विचारलं. मी कोरकूत सांगितलं. रामकली म्हणाली, "घरी." आणि मी मराठीत सुरू झाले. "घरी जन्मली, कारण त्यांच्या गावापासून प्राथमिक आरोग्य केंद्र लांब आहे, रस्ता कच्चा आहे, आणि त्या भागात साधारणपणे..."

"थांबा," अध्यक्ष मावशी म्हणाली. "ती एक शब्द बोलली. तू एवढं कुठनं आणलंस?"

शेजारणी खो-खो हसल्या. मीही हसले, पण मला कळेना की कसं थांबायचं. बाईंचा धंदाच तो. मूल अर्धं बोलतं, आपण पुरं करतो. मूल चुकतं, आपण दुरुस्त करून फळ्यावर लिहितो. रामकली अडखळली की मी वाक्य सांधत होते, तिने वर्ष चुकीचं सांगितलं की मी बरोबर करत होते. प्रज्ञाने माझ्यासमोर हात जोडले. "मॅडम, तिथे असं केलंत तर ते म्हणतील, आई बोलतच नाही, बाईच बोलतायत. तिचं चुकलं तर चुकलेलं सांगा. दोन शब्द बोलली तर दोनच. घालू नका, गाळू नका."

घालू नका, गाळू नका. दिवे लागेपर्यंत आम्ही तेच घोकलं. मी मध्ये एक जादा शब्द घातला की मावशी लाटणं कठड्यावर आपटायची. बावीस वर्षांत मला इतकं कुणी शिकवलं नव्हतं. आणि खरं सांगते, मजा आली.

सुनावणी

टॅक्सी अँटॉप हिलच्या बाजूने निघाली तेव्हा मी "घालू नका, गाळू नका" पुटपुटत होते आणि रामकली खिडकीबाहेर बघत होती. मुलांच्या बाबतीत निर्णय घेणाऱ्या त्या समितीची खोली साधी होती. लांब टेबल, तीन माणसं, एक लोखंडी कपाट. अध्यक्षबाई पांढऱ्या केसांच्या, चष्मा नाकावर. त्यांनी मला आधी शपथ दिली की जे बोललं जाईल तेच सांगेन. 

नाव, गाव, लसीचं कार्ड, सगळं झालं. मग त्यांनी फाइल उघडली. सोमतीच्या पोटाचे फोटो होते.

"हे चटके कोणी दिले?"

मी कोरकूत विचारलं. रामकली सरळ त्यांच्याकडे बघून म्हणाली, "मी. मीच धरलं होतं."

माझ्या जिभेवर आलंच होतं, विळा भुमकाच्या हातात होता म्हणून. खरंच तर होतं ते. नुसता एक शब्द घातला असता. पण ती तसं बोलली नव्हती. मी म्हटलं, "मी. मीच धरलं होतं."

अध्यक्षबाईंनी लिहिलं. प्रज्ञाने खाली बघितलं.

"का?"

"ती जगावी म्हणून," रामकली म्हणाली, आणि मी तेवढंच सांगितलं.

 मग रामकलीच पुढे बोलत गेली आणि मी तिच्यामागे एकेक वाक्य ठेवत गेले. पोरगी चार महिन्यांची होती. पोट दगडासारखं झालं होतं. दूध पीत नव्हती, रडायचीही थांबली होती. नदीला पूर होता. पलीकडे दवाखाना, अलीकडे भुमका. मी तीनदा पाण्यात उतरले, तीनदा लोकांनी ओढून काढलं. मग मी भुमकाकडे गेले. पोरगी ओरडली तेव्हा मला बरं वाटलं, की अजून तिच्यात ओरडायला जीव आहे.

हे शेवटचं वाक्यही मी जसंच्या तसं मराठीत ठेवलं. 

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. "हे त्या भागात खरंच असतं? फाइलमध्ये तर कुठेच काही नाही." त्या प्रज्ञाकडे बघत होत्या. प्रज्ञाने वर्तमानपत्रातली कात्रणं पुढे केली. एका सदस्यांनी ती उलटून-पालटून पाहिली आणि म्हणाले, "पोरीचे डाग त्याचेच आहेत हे कसं समजायचं?"

मी उभी राहिले. "मॅडम, मी आता दुभाषी म्हणून नाही, माझं म्हणून बोलू का?"

त्यांनी मान हलवली.

"माझ्या पोटावर पण आहेत. पाच."

हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. बी.एड.च्या होस्टेलवर मी दार लावून कपडे बदलायचे. साडी नेसते तीही उंच. डंब्याविरुद्ध इतकी वर्षं बोलले, पण स्वतःचं पोट मी त्यात कधी आणलं नाही. मला त्याची लाज वाटायची, आणि आईचा राग यायचा.

समितीतल्या दुसऱ्या बाई मला कपाटाच्या मागे घेऊन गेल्या. हातात सोमतीचा फोटो. त्यांनी बघितलं, फोटो बघितला, परत बघितलं. तीच ओळ, बेंबीच्या वर, तशीच जरा तिरपी. त्यांनी स्वतः माझा पदर नीट केला आणि बाहेर जाऊन एवढंच म्हणाल्या, "सारखेच आहेत."

पुढे लिहिणं बराच वेळ चाललं. मग अध्यक्षबाईंनी वाचून दाखवलं. मुलगी आईकडे सोपवावी. दर महिन्याला तपासणी. आणि यापुढे कुठल्याही आजारात डंबा नाही, थेट दवाखाना. मी एकेक वाक्य रामकलीला सांगितलं. पहिल्यालाच तिने माझा हात घट्ट धरला होता. शेवटचं ऐकून तिने तो सोडला.

"नाही देणार," ती म्हणाली. "पण त्यांना विचार, नदीला पूर आला तर पोरीला कुठे न्यायचं?"

बावीस वर्षं मी गावागावांत डंबा देऊ नका म्हणून सांगत फिरले. हा प्रश्न मी कुणाला स्वतःहून विचारला नव्हता, आणि मला कुणी विचारला असेल तर मी तो मध्येच तोडून दुरुस्त करून टाकला असेल. मी तो शब्दाला शब्द मराठीत सांगितला.

 अध्यक्षबाईंनी कागद परत ओढला आणि खाली लिहिलं की रामकलीच्या गावापर्यंत पावसाळ्यात वैद्यकीय मदत कशी पोचणार, ते जिल्ह्याच्या आरोग्य खात्याने समितीला लेखी कळवावं. आणि खाली रामकलीचं नाव घातलं, तिने विचारलं म्हणून. प्रज्ञा टेबलाखाली माझा पाय दाबत होती.

गिरगाव

सोमती दुसऱ्या दिवशी सकाळी मिळाली. निळा फ्रॉक, तेल लावून घट्ट वेण्या. ती आधी हिंदीत "मम्मी" म्हणाली, मग कोरकूत हाक मारली, मग आईच्या खांद्यात तोंड खुपसून राहिली. मी सवयीने मध्ये तोंड उघडलं आणि मिटलं. तिथे माझं काही काम नव्हतं.

माझ्या गाडीला वेळ होता म्हणून प्रज्ञाने आम्हाला गिरगाव चौपाटीवर नेलं. जाताना फणसवाडीतून वळून तिने गरम जिलेबी घेतली. समुद्र दिसला आणि मी ओरडलेच. इतकं पाणी, आणि पलीकडचा काठच नाही! सोमतीने "डा!" म्हणून ओंजळ भरून पाणी तोंडात घेतलं आणि थुंकून टाकलं. आमच्या भाषेत डा म्हणजे पाणी, पण असलं पाणी आमच्या भाषेने कधी चाखलं नव्हतं. रामकली इतकी हसली की खाली वाळूत बसली.

जिलेबी खाताना ती मला म्हणाली, "तुझी आई आहे?"

"आहे. गावाला."

"तिला विचारलंस का कधी, त्या दिवशी काय झालं होतं?"

मी नाही म्हटलं. ती सोमतीच्या हाताला लागलेला पाक पुसत राहिली.

धारणीहून मी घरी गेलेच नाही. पुढची जीप धरून आईच्या गावी उतरले. ती अंगणात मोहाची वाळवलेली फुलं पाखडत होती. मी तिच्याशेजारी बसले आणि कोरकूत विचारलं, "माझं पोट फुगलं होतं त्या दिवशी काय झालं होतं?"

तिने सूप खाली ठेवलं. माझ्याकडे बघितलं आणि सांगायला लागली. दिवस कलेपर्यंत सांगत होती. वर्ष चुकलं, दोन नावं चुकली, एक गोष्ट तिने दोनदा सांगितली. मी मध्ये एकही शब्द घातला नाही.